रिकर्व्ह किंवा लाँगबोसाठी ब्रॉडहेड कसं निवडायचं

ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाला पुढे लावायचं धारदार पात्यांचं टोक, आणि रिकर्व्ह, लाँगबो म्हणजे चाकं नसलेली साधी धनुष्यं. आधी एक गोष्ट क्लिअर करतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे सगळं अमेरिकेत लायसन्स काढून व्हाइटटेल हरणाच्या सीझनला जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी लिहितोय. तुमचे बाण धनुष्याला जुळलेले आहेत आणि वीस यार्डांच्या आत फील्ड पॉइंट (सरावाची, पाती नसलेली टोकं) एका जागी बसतायत असं धरून चालतो. तसं नसेल तर अजून ब्रॉडहेड घेऊच नका.

सगळ्यात पहिलं म्हणजे मेकॅनिकल, आपटल्यावर पाती उघडणारं हेड विसरा. दुकानदार तेच पुढे करतो कारण त्याची बहुतेक गिऱ्हाइकं कंपाउंडवाली (चाकं लावलेल्या धनुष्यांची) असतात. 400 ग्रेनचा (ग्रेन म्हणजे बाणाचं वजन मोजायचं बारीक एकक) बाण सेकंदाला 280 फुटांच्या वेगाने गेला तर जवळपास 70 फूट-पाउंड एनर्जी मिळते, आणि तुमच्या 45 पाउंडी रिकर्व्हमधून 450 ग्रेनचा बाण 170 च्या वेगाने गेला की मिळते जेमतेम 29. त्यातली काही पाती उघडण्यात घालवायची, हे परवडतच नाही. फिक्स्ड हेड घ्या, ज्याची धार अगदी टोकापासून सुरू होते असं.

रुंदी राज्याच्या नियमात बघा. मिशिगन, न्यूयॉर्कमध्ये किमान 7/8 इंच लागते. मी एक ते सव्वा इंचाच्या वर जात नाही, कारण रुंद पात्याला आत शिरायला जास्त जोर लागतो आणि तो आपल्याकडे नाही. लांबी रुंदीच्या अडीच-तीन पट असली तर उत्तम.

वजन फील्ड पॉइंटइतकंच ठेवा, 125 ग्रेनला 125. नुसतं ‘जड हेड लावा’ सांगणाऱ्यांचं ऐकू नका, पुढे वजन वाढलं की बाणाची स्पाईन (दांडीचा ताठपणा) मऊ वागते आणि जुळलेला बाण बिघडतो. पूर्ण बाणाचं वजन ड्रॉ वेटच्या (धनुष्य ओढायला लागणाऱ्या जोराच्या) पाउंडामागे 10 ग्रेन तरी भरू द्या.

दोन पाती की तीन? 50 पाउंडाच्या खाली असाल तर दोन, संपला विषय. सिंगल बेव्हल (धारेला एकाच बाजूने उतार असलेलं पातं) घेत असाल तर राइट बेव्हलला राइट विंगची (पक्ष्याच्या उजव्या पंखाची) पिसं, लेफ्टला लेफ्ट, म्हणजे बाण उडताना ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला आत गेल्यावरही फिरतो.

आता धार. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय आणि सगळ्यात फालतू सल्लेही इथेच मिळतात. ‘पाकिटातून काढलं की रेडी’ असं छापलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नका. ब्रॉडहेड धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतं. बोथट सुरीखाली टोमॅटो नुसता दबतो ना, तशी रक्तवाहिनी बोथट पात्याखालून सरकून जाते, आणि मग ते जनावर जखमी होऊन रात्रभर जंगलात तडफडतं. ते तुमच्यामुळे. म्हणून जे पातं तुम्हाला स्वतःला घरी धार लावता येतं तेच निवडा, बाकी गुण नंतर. स्टील इतकं कडक असेल की कानस वरून नुसती घसरते, तर नवशिक्याने ते घेऊ नये.

पात्याच्या उतारावर काळ्या मार्करने रंग द्या आणि बारीक कानशीवर दोन-तीन हलके हात मारा. रंग फक्त मागच्या बाजूचा गेला तर तुम्ही पातं फार आडवं धरलंय, फक्त काठाचा गेला तर फार उभं. पूर्ण रंग एकसारखा निघेपर्यंत कोन पक्का करा, मगच जोर लावा. मग एकाच बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला नख काठाच्या दिशेने हळूच ओढून बघा, तिथे बारीक खरखरीत कड लागली पाहिजे, टोकापासून मागपर्यंत, मध्ये कुठेही गॅप नको. इथेच लोक घाई करतात! कड उठायच्या आधीच बाजू बदलतात आणि मग तासभर घासूनही धार का येत नाही म्हणून वैतागतात. कड उठली की दुसरी बाजू तशीच, मग धारेच्या दगडावर हलके हलके हात, बाजू बदलत, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पातं मागे ओढत. सैल धरलेल्या रबरबँडला नुसतं टेकवल्यावर तो कट झाला पाहिजे, दाबावं लागलं तर परत दगडावर. अगदी सुईसारखं टोक हाडावर वाकतं, ते कानशीने किंचित मोडून घ्या. आणि पातं शाफ्टवर (बाणाच्या दांडीवर) बसवताना रेंच वापरा, बोटं नाही.

मग बाण टोकावर उभा फिरवून बघा, थरथरला तर हेड वाकडं बसलंय, परत बसवा.

शेवटी फोमवर फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेड दोन्ही मारा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचं ब्रॉडहेड सतत डावीकडे पडलं तर बाण कडक आहे, उजवीकडे पडलं तर मऊ, त्याप्रमाणे टोकाचं वजन थोडं वाढवा किंवा कमी करा. फोममध्ये गेलेली धार मरते, त्यामुळे ते हेड प्रॅक्टिसचं म्हणून वेगळं ठेवा, नाहीतर शिकारीला न्यायच्या आधी परत रबरबँडची टेस्ट घ्या.