कंपनीच्या मॉडेमला मेश राउटर जोडताना या चुका टाळा

आमचं फोंड्याकडचं घर जुनं, चिऱ्यांचं. भिंती दीड फूट जाड, मधोमध राजांगण. फायबरवाल्याने मॉडेम वसरीत बसवला, कारण त्याची केबल तिथवरच पोचली. मागच्या खोल्यांत साधा फोटो उघडायला मिनिट लागायचं. म्हणून चवथीच्या तोंडावर तीन नगांचा मेश, म्हणजे एकच वायफाय घरभर पसरवणारे तीन जोडलेले राउटर, आणला.

मॉडेमचा रिसेट दाबू नका

मी नेमकं तेच केलं. नवा राउटर जोडायचा तर आधीच्या सेटिंग पुसाव्यात, असं वाटून मॉडेमच्या मागच्या भोकात टाचणी घातली आणि दहा सेकंद धरली. दुकानातून आणलेला राउटर कोरा झाला तर आपण पुन्हा भरतो. फायबरच्या मॉडेममध्ये कंपनीने भरलेली माहिती असते: लॉगिन, व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या मार्गाचा) आकडा, लँडलाइनचं सेटिंग. काही कंपन्या ती लांबूनच परत भरतात. आमच्याकडे माणूस यावा लागला, आणि चवथीला कोण येतो! पॉनचा दिवा हिरवा, म्हणजे फायबर ठीक. इंटरनेटचा दिवा विझलेला. पुण्याहून आलेला भाचा मांडीवर लॅपटॉप घेऊन दर तासाला "मामा, झालं का?" दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो तरी नेट नव्हतं. आता त्या भोकावर टेप चिकटवली आहे.

एका घरात दोन कारभारी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, आणि तो लवकर कळतही नाही. कंपनीचा मॉडेम स्वतःच राउटर असतो. तो घरातल्या उपकरणांना पत्ते वाटतो. मेश त्याला तसाच जोडला की तोही आपले वेगळे पत्ते वाटू लागतो. घरातल्या सगळ्या उपकरणांना बाहेरच्या एकाच पत्त्यामागे ठेवणं म्हणजे नॅट; इथे ते दोनदा होतं, म्हणून याला डबल नॅट म्हणतात. यूट्यूब चालतं, बातम्या उघडतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. मग घरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं व्हीपीएन तुटतं, ऑनलाइन गेम कुरकुरतो, आणि मॉडेमच्या वायफायवर राहिलेला प्रिंटर मेशवरच्या लॅपटॉपला दिसत नाही.

ओळखायचं कसं? मेशच्या अ‍ॅपमध्ये इंटरनेटचा किंवा वॅनचा (म्हणजे बाहेरच्या बाजूचा) आयपी पत्ता बघा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर मेश राउटर म्हणून चालतोय आणि वर मॉडेमही कारभार बघतोय. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर ते कंपनीच्या बाजूचं सामायिक नॅट. तिथे घरातली कितीही बटणं फिरवली तरी उपयोग नाही. पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडून बाहेरून कॅमेरा बघायचा असेल तर कंपनीकडे पब्लिक आयपी, म्हणजे सामायिक नसलेला पत्ता, मागावा लागतो.

डबल नॅटवर उपाय दोन. मेश अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे कारभार मॉडेमकडे राहतो आणि मेश फक्त वायफाय पसरवतो. बहुतेक घरांना हेच पुरतं, मीही हेच केलं. तोटा एवढाच की मुलांच्या मोबाइलवर वेळेची बंधनं घालण्यासारख्या मेशच्या सोयी बऱ्याचदा बंद होतात. त्या हव्याच असतील तर मॉडेम ब्रिज मोडवर घ्या, म्हणजे मॉडेम नेट फक्त पुढे देतो आणि कारभार मेश बघतो. पण त्याआधी कंपनीकडून पीपीपीओईचं (नेटच्या लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन लिहून घ्या, आणि मॉडेमवर लँडलाइन चालत असेल तर तेही त्यांना सांगा. काही कंपन्या ब्रिज देतच नाहीत. वाद घालण्यात अर्थ नाही, पहिला मार्ग धरा.

मेश राउटर मोडमध्येच ठेवलात आणि दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ निघाला तर नेट अडकतं. मेशचा बदलून १९२.१६८.५०.१ करा.

मॉडेमचं वायफाय चालूच ठेवणं

दोन्हींना एकच नाव दिलं की फोन वसरीतल्या मॉडेमला चिकटून राहतो, तुम्ही मागच्या खोलीत गेलात तरी. मेश नीट चालू झाला की मॉडेमचं २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ, दोन्ही बंद करा.

रेंज नाही त्याच खोलीत नोड

नोडलाच, म्हणजे मेशच्या नगालाच, सिग्नल मिळत नसेल तर तो पुढे काय देणार? तो अर्ध्या वाटेवर हवा. चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडायला लावण्यापेक्षा राजांगणाच्या कडेला, उघड्या दारांच्या रेषेत ठेवा. आमचा दुसरा नोड देवघराबाहेरच्या फळीवर आहे. आईला तिथे तो आवडत नाही, पण तिची भजनं आता अडकत नाहीत, म्हणून चालवून घेते. जमलं तर छपराच्या वाशांवरून केबल ओढून नोड जोडा. वायरलेसवर प्रत्येक टप्प्याला बराच वेग गळतो.

केबलही बघून घ्या. ३०० एमबीपीएसचा प्लॅन आणि वेग नेमका ९४ च्या आसपास अडकत असेल, तर मेशला दोष देण्याआधी मॉडेमपासूनची केबल बदला, कॅट-५ई किंवा कॅट-६ घ्या. तरीही फरक नाही तर मॉडेमचं दुसरं पोर्ट वापरून बघा. काही मॉडेमना एकच पोर्ट गिगाबिटचं, म्हणजे जास्त वेगाचं, असतं.

आणि मॉडेम इन्व्हर्टरवर असेल तर मेशचा मुख्य नोडही त्याच लायनीवर घ्या. नाहीतर लाइट गेली की मॉडेमवर इंटरनेट असेल, पण त्याचं वायफाय तुम्हीच बंद केलेलं असेल.