जलतरण तलावाभोवतीचा खचलेला कोबा : दुरुस्ती करताना या चुका टाळा

तलावाच्या काठचा कोबा खचतो तेव्हा दोष बहुधा काँक्रीटचा नसून त्याखालच्या भरावाचा असतो. भिंतीच्या बाहेरूनही काम करता यावे म्हणून खड्डा ऐसपैस खणला जातो आणि भिंत उभी राहिल्यावर उरलेली जागा खणलेल्याच मातीने, पुष्कळदा विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांसकट, एका दमात बुजवली जाते. धुम्मस न केलेला, म्हणजे ठोकून घट्ट न बसवलेला, हा भराव पावसाळ्यागणिक बसत जातो; कोबा काही काळ अधांतरी तग धरतो आणि मग तडकतो. काळ्या मातीत तर पावसाळ्यात फुगणे आणि उन्हाळ्यात आकसणे हेही चालूच असते.

त्यामुळे खचलेल्या जागेवर सिमेंट-वाळूचा थर ओढून पातळी जुळवणे ही सर्वांत वाया जाणारी दुरुस्ती होय, कारण खालची पोकळी तशीच राहते आणि तिच्यावर वजन मात्र वाढते. एका सोसायटीत शिडीजवळचा ३ सेंटिमीटर खचलेला भाग असा भरलेला मी पाहिला होता. वर्षभरात कडेचे पापुद्रे सुटून मुलांच्या तळव्यांना टोचू लागले.

गळती न शोधता कोबा उचलणे हीही तशीच चूक. तलावाच्या पायरीवर बादली ठेवून तिच्यात तलावाच्या पातळीइतके पाणी भरावे, आतबाहेर खुणा कराव्यात आणि २४ तासांनी पाहावे. तलावाची पातळी बादलीपेक्षा जास्त उतरली, तर पाणी बाष्पीभवनाने नव्हे, गळतीने जात आहे. पंप चालू ठेवून आणि बंद ठेवून हीच चाचणी करावी. पंप चालू असतानाच घट वाढत असेल, तर दाबाच्या पाइपवर, म्हणजे पंपातून तलावाकडे पाणी नेणाऱ्या पाइपवर, संशय घ्यावा. मात्र गळती शोधण्यासाठी भर पावसाळ्यात तलाव रिकामा करू नये, कारण भूजलाच्या दाबाने रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते.

हातोडीने ठोकत गेल्यास पोकळ जागी आवाज बद्द येतो; तेवढा भाग खडूने आखून घ्यावा. कोबा अखंड असेल, तर छिद्रांतून ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) दाबाने भरून तो उचलता येतो, परंतु एकाच छिद्रातून जोर लावल्यास तो तिथेच फुटतो. छिद्रे पाडण्यापूर्वी पाइप आणि दिव्यांच्या केबलचा मार्ग शोधलाच पाहिजे. कोब्याचे तुकडे झाले असतील, तर ते काढून सुमारे १५ सेंटिमीटरच्या थरांत ओलसर मुरूम धुम्मस करून भरावा.

शेवटी, कोबा आणि काठाच्या फरशीमधला सांधा गवंडी सवयीने सिमेंटने बुजवतो. तसे करू देऊ नये. तिथे पॉलिसल्फाइडसारखे लवचिक सीलंट हवे. उतार मीटरमागे सुमारे २ सेंटिमीटर, तलावापासून दूर, गटाराकडे असावा आणि काँक्रीट ओले असतानाच पाणसळ लावून तो तपासावा.