फ्लॅटमधली आग: आधी धुराचं बघा, मग ज्वाळांचं

आगीबद्दल बोलायला लागलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर ज्वाळा येतात, पण घराला लागलेल्या आगीत माणसं जास्त करून जातात ती धुराने. सोफा, गाद्या, पडदे, प्लास्टिक जळलं की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि फोममधून हायड्रोजन सायनाइडपण निघतो. धूर दाट असेल तर थोड्याच श्वासांत डोकं गरगरतं, पाय उचलत नाहीत, दार समोर असून सापडत नाही. आणि वास आला की जाग येईलच ह्या भरवशावर तर अजिबात राहू नका, गाढ झोपेत वास कळत नाही. त्यामुळे फ्लॅटमधे राहणाऱ्याने दोनच प्रश्न सारखे विचारायचे, धूर कुठे अडवता येईल आणि तो पोचायच्या आत घरातले सगळे बाहेर कसे पडतील.

धूर अडवायला घरात आधीपासून एक वस्तू असते, दार. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ९ जानेवारी २०२२ ला एका १९ मजली बिल्डिंगमधे खालच्या मजल्यावरच्या फ्लॅटमधे इलेक्ट्रिक हीटरमुळे आग लागली. आग त्या फ्लॅटच्या आणि बाहेरच्या पॅसेजच्या पुढे फारशी गेलीच नाही. पण घरातले लोक बाहेर पडले तेव्हा मेन दार मागे उघडं राहिलं, आपोआप बंद होणारं दार होतं ते बंद झालंच नाही, वर जिन्याचंही एक दार उघडं होतं, मग काय, जिना चिमणीसारखा धूर ओढत वरपर्यंत घेऊन गेला. १७ माणसं गेली, त्यात ८ लहान मुलं, आणि ही सगळी धुराने गेली, कितीतरी मजले वर राहणारी. त्यामुळे बाहेर पडताना शेवटच्या माणसाने दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही, नुसतं घट्ट ओढून घ्यायचं. रात्री झोपताना बेडरूमची दारं लावून झोपा, साधं लाकडी दारसुद्धा धूर आणि उष्णता बराच वेळ थोपवतं. आणि जिन्याच्या फायर डोअरला, म्हणजे आग-धूर अडवायला बसवलेल्या दाराला, हवा यावी म्हणून वीट किंवा कुंडी लावून ठेवलेली दिसली तर ती तिथल्या तिथे काढा, कोणी काही बोललं तर त्याला कारण सांगा.

आता किचन, कारण बऱ्याच आगी इथेच सुरू होतात. तेल तापत ठेवून फोन घ्यायला आतल्या खोलीत जाणं हे सगळ्यात नेहमीचं कारण. तेलातून आधी पातळ निळसर धूर यायला लागतो, तिथेच गॅस बंद केला तर काहीच होत नाही, तो धूर दुर्लक्षित केला तर थोड्या वेळाने तेल आपोआप पेटतं, त्याला ज्वाळा लागायची पण गरज नसते. पेटलंच तर आधी गॅस बंद, पण नॉबपर्यंत हात सुरक्षित पोचत असेल तरच. मग कढईपेक्षा मोठं झाकण किंवा पसरट धातूचं ताट घ्यायचं आणि ते वरून टाकायचं नाही, आपल्या बाजूने पुढे सरकवत कढईवर न्यायचं, म्हणजे ज्वाळा हातावर येत नाहीत. आणि मग ते झाकण उचलून बघायचं नाही. आग विझलेली वाटते पण तेल तितकंच तापलेलं असतं, हवा मिळाली की परत भडकतं, पूर्ण गार होईपर्यंत तसंच राहू द्या. कढई उचलून सिंककडे किंवा बाल्कनीकडे पळायचं तर नाहीच.

पाणी अजिबात नाही हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण का ते कळलं तर ऐन वेळी हात थांबतो. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं आणि तिथे एका झटक्यात वाफ होतं, वाफ पाण्याच्या साधारण १७०० पट जागा घेते, मग ती वाफ पेटतं तेल बरोबर घेऊन छतापर्यंत उडते. एक ग्लास पाणीपण पुरतं त्याला. किचन चिमणीच्या जाळीवर साठलेला तेलाचा थरही पेट घेतो, ती जाळी नियमित धुवा.

गॅसचा वास आला तर कुठल्याही स्विचला हात लावू नका, चालू असलेलं बंदपण करू नका, ठिणगी दोन्ही वेळी पडते. रेग्युलेटर किंवा पाइपचा व्हॉल्व्ह बंद, खिडक्या दारं उघडी, सगळे बाहेर, आणि फोन बाहेर जाऊनच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो, पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका, तो छताकडे जातो. म्हणून उभं राहून वास आला नाही म्हणजे लीक नाही असं धरू नका.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो, आणि आपण तो ज्या एक्स्टेन्शन बोर्डला लावतो त्यावर किती अँपिअर लिहिलंय ते कोणी बघत नाही, आज बघा. हीटर, गीझर, एसी, इस्त्री ही मंडळी भिंतीतल्या जाड पॉवर सॉकेटलाच. प्लग काढल्यावर पिना गरम लागल्या, सॉकेट पिवळं तपकिरी पडलं, किंवा बोर्डातून चर्र आवाज आला तर तो पॉइंट बंद ठेवून इलेक्ट्रिशियन बोलवा. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा मेन बोर्डातला स्विच) सारखा पडतो म्हणून त्याजागी जास्त अँपिअरचा बसवणं म्हणजे वायर जळेपर्यंत करंट जाऊ देणं, तो पडतोय हे त्याचं कामच आहे.

आणि ई-बाइकच्या बॅटऱ्या. हे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय कारण घरोघरी बॅटरी मेन दाराजवळच्या पॉइंटला रात्रभर चार्जिंगला असते. लिथियम बॅटरीत बिघाड झाला की एक सेल तापून शेजारच्याला पेटवतो, विषारी आणि ज्वलनशील वायू जोरात बाहेर पडतो, आणि हे सगळं तुमच्या एकमेव बाहेर पडायच्या वाटेवर. सगळे जागे असताना चार्ज करा, कंपनीच्याच चार्जरने, दारापासून आणि बेडपासून लांब. पडलेली, फुगलेली, पाण्यात भिजलेली बॅटरी परत चार्ज करू नका. ती पेटली तर विझवत बसू नका, घरातला आग विझवायचा छोटा सिलिंडर (फायर एक्स्टिंग्विशर) तिला पुरत नाही, बाहेर पडा आणि दार ओढा.

स्मोक अलार्म नसेल तर हे वाचून झाल्यावर पहिलं काम ते करा. बेडरूमच्या बाहेरच्या पॅसेजमधे छताला, आणि शक्य असेल तर प्रत्येक बेडरूममधे. किचनमधे नको, रोजच्या धुराने वाजतो आणि मग वैतागून लोक सेल काढून ठेवतात. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा, १० वर्षांनी अख्खा अलार्मच बदला. फायर एक्स्टिंग्विशर दोन किलोचा एबीसी पावडरवाला (लाकूड-कापड, पेटते द्रव आणि गॅस अशा आगींना चालणारा) ठीक, त्याच्यावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते अधूनमधून बघत जा, आणि तो गॅसच्या बाजूला न टांगता बाहेर जायच्या दाराजवळ टांगा. वापरताना पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, दाबायचं आणि डावी उजवीकडे फिरवायचं, थोड्याच सेकंदात संपतो तो. त्यामुळे आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल आणि दार तुमच्या पाठीमागे असेल तरच प्रयत्न, नाहीतर निघा.

बाहेर पडायची वाट घरातल्या सगळ्यांनी एकदा चालून बघा. दिवे बंद करून, भिंतीला हात लावत, तुमच्या दारापासून जिन्यापर्यंत मधे किती दारं लागतात ते मोजत. लहान मुलं घाबरली की बेडखाली किंवा कपाटात लपतात आणि तिथे कोणाला सापडत नाहीत, त्यांना आधीच दाखवून ठेवा की लपायचं नाही, जिन्याकडे जायचं. घरात कोणी म्हातारं किंवा चालता न येणारं असेल तर कोण उचलणार हे आजच ठरवा, शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. खिडक्यांना ग्रिल असेल तर निदान एक भाग उघडणारा हवा आणि किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना माहीत हवं. जिन्यात चपलांची कपाटं, सायकली, जुनं फर्निचर ठेवणाऱ्या शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यावा लागला तरी घ्या, धुरात दिसत नसताना माणूस त्यातच अडकून पडतो.

लिफ्ट नाही म्हणजे नाही, करंट गेला तर मधेच अडकते किंवा नेमकी आगीच्या मजल्यावर उघडते. गच्चीवरही जायचं नाही, धूर वरच जातो आणि गच्चीचं दार कुलूपबंद असू शकतं. खाली जायचं, धूर असेल तर वाकून, कारण जमिनीलगत हवा जरा बरी असते.

आग तुमच्या घरात नसेल, बाहेर कुठेतरी असेल, तर दार उघडायच्या आधी तळहात उलटा करून दाराला आणि हँडलला लावा. गरम लागलं तर उघडू नका. गार असेल तर फटीएवढं उघडून बघा, जिना धुराने भरलेला दिसला तर परत आत, धुरातून खाली धावायचं धाडस नको. दार बंद, खालच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचे, एसी बंद, मग रस्त्याकडच्या खोलीत जाऊन तिचंही दार लावून घ्यायचं. फायर ब्रिगेडला कितवा मजला, कुठला फ्लॅट, कुठल्या बाजूची खिडकी आणि आत किती जण ते सांगा, खिडकीतून चादर हलवत रहा. बाहेरून धूर आत यायला लागला तर खिडकी लावा. उडी मारू नका.

कपडे पेटले तर पळायचं नाही, जागच्या जागी आडवं होऊन चेहरा हाताने झाकून लोळायचं. भाजलेल्या जागेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी, बर्फ नको, टूथपेस्ट नको.

खाली उतरलात की जिथे जमायचं ठरवलंय तिथे सगळे आले का ते मोजा. कोणी कमी असेल तर परत वर जाऊ नका, फायर ब्रिगेडच्या माणसाला गाठून सांगा कोण राहिलंय, वय काय, कुठल्या खोलीत असायची शक्यता आहे आणि तुम्ही दार लावून आलात की उघडं राहिलंय.