किट मिळालं, तरी मुलं गळतात: क्रिकेटला मदत करताना या चुका टाळा

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आजूबाजूच्या वस्त्यांमधल्या मुलांचं क्रिकेट रविवारी सकाळी चालतं, त्यात मी काही वर्षं आहे. दिघा, तुर्भे, कळवा इथून मुलं येतात. काहींना दिसत नाही, काहींना ऐकू येत नाही, काहींना चालायला त्रास आहे, आणि बरीचशी फक्त गरीब घरची आहेत. मदत करणारे लोक मनापासून येतात. तरी तीन महिन्यांत निम्मी मुलं दिसेनाशी होतात, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. कारणं जवळपास तीच असतात, आणि त्यातल्या काही चुका आम्ही स्वतः केल्या आहेत.

माप न घेता किट आणणं

पहिली मोठी देणगी आली तेव्हा आम्ही उत्साहात बारा बॅटी घेतल्या, सगळ्या मोठ्यांच्या मापाच्या. साडेचार फुटांच्या मुलाला ती बॅट पेलेना. तो सरळ खेळायचं सोडून सगळं आडव्या बॅटने मारू लागला आणि ती सवय मोडायला कोचला अख्खा सीझन लागला. त्या उंचीला चार किंवा पाच नंबरची बॅट लागते, पाच फुटांच्या आसपास सहा नंबर, त्यापुढे हॅरो, म्हणजे मोठ्यांच्या मापाच्या अलीकडची. शिवाय तिघं डावखुरे निघाले, त्यांना उजव्या हाताचे ग्लोव्हज बसेनात. बॉलचंही तसंच आहे. मोठ्यांचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, तेरा वर्षांखालच्या मुलांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. हा फरक हातात घेतल्यावर फारसा कळत नाही, बोटावर बसल्यावर कळतो.

तेव्हा आधी वहीत लिहा: मुलाची उंची, बुटाचं माप, डावा की उजवा. मग दुकानात जा.

बॅट दिली की काम संपलं असंही नाही. जवसाचं तेल न लावता आणि नॉकिंग न करता, म्हणजे लाकडी हातोड्याने ठोकून पक्की न करता, नवी बॅट थेट सीझन बॉलला लावली की टोकाला चीर पडते. शिवाय मदत येते ती बहुतेक ३ डिसेंबरच्या दिव्यांग दिनाला, नाहीतर मार्चअखेरीला. मार्चमध्ये परीक्षा, मेमध्ये मुलं गावी, जूनपासून पाऊस. चार महिने कोंदट खोलीत पडलेल्या पॅडना बुरशी येते. देणाऱ्यांना मोकळेपणाने सांगा की सामान सप्टेंबरअखेर द्या. लोक ऐकतात, आपणच सांगत नाही.

अंध मुलांचं क्रिकेट न बघताच मदत करणं

एका गृहस्थांनी प्रेमाने घुंगरू बसवलेले रबरी बॉल आणून दिले. गवतावर गेल्यावर त्यांचा आवाजच येईना. अंध क्रिकेटचा बॉल कडक प्लास्टिकचा असतो, आत छर्रे असतात आणि तो टप्पे घेत येताना खळखळतो. बॉलिंग अंडरआर्म असते. चाळीच्या बोळात अंडरआर्म खेळलेल्या कोणालाही हा खेळ अर्ध्या तासात समजतो, म्हणून स्वयंसेवक शोधताना हे जरूर सांगा. बॉलर आधी ‘रेडी?’ विचारतो, बॅट्समन ‘येस’ म्हणतो, मग ‘प्ले’ म्हणत बॉल सुटतो. पूर्ण अंध खेळाडू म्हणजे बी-वन, थोडं दिसणारे बी-टू आणि बी-थ्री. अकरांत किमान चार बी-वन लागतात आणि त्यांच्या धावा दुप्पट धरतात.

इथे होणारी चूक म्हणजे थोडं दिसणाऱ्यांवरच सगळा वेळ घालवणं. ते लवकर शिकतात, देणगीदारांसमोर छान खेळतात, आणि पूर्ण अंध मुलं कडेला बसून राहतात. मग सामन्याच्या दिवशी चार बी-वन भरत नाहीत.

मुलाला बॉल लागत नसेल, तर त्याला दोष देण्याआधी डोळे मिटून दोन मिनिटं त्याच्या जागी उभे राहा. आम्ही उभे राहिलो तेव्हा ऐकू आलं: रस्त्यावरचे ट्रक, शेजारच्या सामन्याचा स्पीकर, आणि ‘मार, मार’ ओरडणारे आम्हीच. सकाळी सातची वेळ घेतली, बॉल सुटताना सगळे गप्प राहू लागले आणि दोन रविवारांत स्वीप लागायला लागला. पावसाळ्यात हॉल मिळाला तर आधी टाळी वाजवून बघा. आवाज घुमत असेल तर मुलाला बॉलची दिशा कळणार नाही.

दया दाखवणं

एकदा एका ऑफिसची टीम मैत्रीपूर्ण सामना खेळायला आली. आमच्या एका मुलाचा एक पाय अशक्त आहे. त्याचा सोपा कॅच एका साहेबांनी उघडउघड सोडला आणि टाळ्या वाजवल्या. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “ताई, मुद्दाम सोडला ना?” मला खोटं बोलवेना. त्यानंतर तो दोन आठवडे आला नाही.

आता मी पाहुण्यांना टॉसच्या आधीच सांगते. भारताच्या शारीरिक दिव्यांग संघाने ऑगस्ट २०१९ मध्ये वुस्टरला फायनलमध्ये इंग्लंडला हरवलं आहे. आपल्या अंध मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक जिंकला आहे. ही मुलं त्यांच्याकडे बघून खेळतात, तेव्हा मिळालेला कॅच घ्या.

कागद मागे ठेवणं

चांगला खेळणारा मुलगा निवडीच्या दिवशी जन्मदाखला नाही म्हणून परत येतो, हे फार वाईट वाटतं. आधार, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांवरची तारीख एकच आहे का ते वर्षभर आधी बघा. दिव्यांग मुलांचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. देणाऱ्यांनीही संस्थेची देणगीवरच्या आयकर सवलतीची नोंदणी (८०-जी नावाने ओळखली जाणारी) आधी तपासावी. दोन हजारांवरच्या रोख देणगीला आणि वस्तूंना ती सवलत मिळत नाही.

मूल मैदानावर कसं येणार, हे न विचारणं

सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, त्यामुळे नेरुळला, आमच्या मैदानाकडे, येणं सोपं झालं. पण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते मैदान हे दोन तुकडे राहतातच. अंध मुलाला एकटं पाठवायला आई तयार होत नाही, आणि ती सोबत आली तर त्या दिवसाच्या कामाचे पैसे जातात.

आमचा एक मुलगा सलग चार रविवार आला नाही. आम्हाला वाटलं, मन उडालं असेल. घरी गेलो तर तो अंगणात बॉल हलवत, कानाशी धरून बसला होता. त्याला आणणाऱ्या शेजारच्या दादाला रात्रपाळी लागली होती, एवढंच कारण होतं. त्याच गल्लीतल्या तिघांसाठी एक रिक्षा ठरवली, रिक्षावाल्या काकांना महिन्याचे पैसे आगाऊ दिले, पुढच्या रविवारी तिघंही हजर.

तेव्हापासून कोणी “काय देऊ?” विचारलं की मी आधी एका रिक्षाचा वर्षाचा खर्च सांगते, मग नाश्ता, मग बॅट. हजेरीच्या वहीत गैरहजेरीचं कारण लिहायचा रकाना आहे. दोन रविवार रिकामे दिसले की सोमवारी संध्याकाळी, आई कामावरून परतल्यावर, आमच्यापैकी कोणीतरी घरी जातं.