बाणेरचं ‘बॅनर’ होऊ नये म्हणून

हिंजवडीत बसा की खराडीत, मोबाईल टीममध्ये नव्याने आलेल्याच्या वाट्याला ‘या फील्डमधलं ऑटोकरेक्ट बंद करा’ असं तिकीट, म्हणजे कामाची नोंद, लवकरच येतं. फील्ड म्हणजे ॲपमधली टाइप करायची चौकट, आणि ऑटोकरेक्ट म्हणजे कीबोर्डने आपोआप केलेली स्पेलिंगची दुरुस्ती. काम एका ओळीचं वाटतं. ती ओळ लिहून बिल्ड, म्हणजे ॲपची नवी तयार प्रत, दिला की दोन दिवसांनी तेच तिकीट परत उघडतं, कारण एका फोनवर चाललेलं दुसऱ्यावर चाललेलं नसतं.

आधी बिघडतं काय ते जवळून बघा. रोमन लिपीत बाणेर लिहिताना एकच ‘एन’ लागतो. माणूस टाइप करतो, स्पेस दाबतो आणि त्याच क्षणी कीबोर्ड आणखी एक ‘एन’ घालून इंग्रजी ‘बॅनर’ करून टाकू शकतो. त्याची नजर तेव्हा कीजवर असते, वरच्या खोक्यावर नसते. पत्ता तसाच सेव्ह होतो. पुण्यातली पेठांची नावं, आडनावं, सोसायट्यांची नावं यांतलं बरंचसं इंग्रजी शब्दकोशात नाही. त्यामुळे कीबोर्डला ते चुकलेलं स्पेलिंग वाटतं.

म्हणून कोड लिहिण्याआधी ॲपमधली सगळी फील्ड एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: इथे माणूस वाक्य लिहिणार की खूण? युजरनेम, ईमेल, कूपन, पॅन, आयएफएससी (बँक शाखेचा कोड), गाडीचा नंबर या खुणा आहेत. तिथे सगळं बंद. नाव आणि पत्ता मधले आहेत. तिथे दुरुस्ती बंद ठेवा, पण प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं येऊ द्या. तक्रार, अभिप्राय, चॅट यांना मात्र हात लावू नका. सरसकट सगळीकडे बंद करणं आम्हाला चूक वाटतं. मराठी लिहिणारे कितीतरी जण रोमन अक्षरं दाबून कीबोर्डच्या वरच्या पट्टीतून देवनागरी शब्द उचलतात. ती पट्टी काढून घेतली तर त्यांचं लिहिणंच अडतं.

आयफोनवर हे एक बटण नसून पाच-सहा वेगळी बटणं, म्हणजे कोडमधल्या सेटिंग्ज, आहेत, आणि नवखे इथेच फसतात. ‘ऑटोकरेक्शन टाइप’ला ‘नो’ दिलं तरी ‘ऑटोकॅपिटलायझेशन टाइप’ मूळचा ‘सेंटेन्सेस’वर राहतो, म्हणून युजरनेमचं पहिलं अक्षर मोठं येतं. ईमेलचा कीबोर्ड लावला की हे आपोआप सुटेल असं धरू नका, ऑटोकॅपिटलायझेशनला ‘नन’ स्वतंत्र द्या. ‘स्पेल चेकिंग टाइप’ बंद केला नाही तर पत्त्याखाली लाल रेघा राहतात. आयओएस ११ पासून ‘स्मार्ट कोट्स’ आणि ‘स्मार्ट डॅशेस’ आले. सरळ अवतरणचिन्ह वळणदार होतं, दोन हायफन मिळून एक लांब रेघ होते, आणि कूपन कोड सर्व्हरवर जुळत नाही. आयओएस १७ पासून पुढचा मजकूर ओळीतच सुचवणारा ‘इनलाइन प्रेडिक्शन टाइप’ही आहे, तोही बंद करा. ॲप स्विफ्टयूआय या ॲपलच्या नव्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर ‘ऑटोकरेक्शन डिसेबल्ड’ आणि ‘टेक्स्ट इनपुट ऑटोकॅपिटलायझेशन’ला ‘नेव्हर’. फील्ड उघडं असतानाच यातलं काही बदलायचं असेल तर ‘रीलोड इनपुट व्ह्यूज’ बोलवावं लागतं, नाहीतर कीबोर्ड जुनीच मांडणी धरून बसतो.

अँड्रॉइडची तऱ्हा वेगळी. तिथे कीबोर्ड हे स्वतंत्र ॲप असतं आणि तुम्ही त्याला फक्त विनंती करता. स्क्रीनची मांडणी लिहायच्या एक्सएमएल फाइलमध्ये इनपुट टाइपला ‘टेक्स्ट नो सजेशन्स’ लिहिलं तर पुरतं, कारण त्या व्हॅल्यूतच ‘हे मजकुराचं फील्ड आहे’ हा वर्ग धरलेला असतो. कोटलिन या भाषेतल्या कोडमध्ये मात्र ‘टाइप टेक्स्ट फ्लॅग नो सजेशन्स’ एकटा दिला की वर्ग शून्य राहतो आणि कीबोर्ड काय दाखवेल याचा भरवसा नाही. ‘टाइप क्लास टेक्स्ट’ त्याच्याशी जोडलाच पाहिजे. एवढं करूनही एखादा कीबोर्ड विनंती मानत नाही. मग लोक ‘व्हिजिबल पासवर्ड’ हा इनपुट टाइप लावतात. तो बहुतेक ठिकाणी चालतो, पण त्याची किंमत मोजावी लागते: फील्डचा फॉन्ट मोनोस्पेस (प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं) होतो आणि कीबोर्ड सहसा इंग्रजी मांडणीवर येतो. आयएफएससीला चालेल, जिथे कोणी देवनागरीत नाव लिहू शकतं तिथे अजिबात लावू नका.

एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप्स बनवणाऱ्या फ्लटरमध्ये ‘ऑटोकरेक्ट’ आणि ‘एनेबल सजेशन्स’ दोन्ही ‘फॉल्स’ द्या. दुसऱ्याचा परिणाम फक्त अँड्रॉइडवर होतो. आयफोनवर सूचना ऑटोकरेक्टलाच बांधलेल्या असतात. तसंच साधन असलेल्या रिॲक्ट नेटिव्हमध्ये ‘ऑटो कॅपिटलाइज’ मूळचा ‘सेंटेन्सेस’ असतो, तो विसरू नका.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. गाडीचा नंबर मोठ्या अक्षरांत हवा म्हणून नवखा माणूस प्रत्येक अक्षरानंतर मजकूर कॅपिटल करून परत फील्डमध्ये टाकतो. आयफोनवर ठीक दिसतं. अँड्रॉइडवर ‘एमएच १२’ टाइप करताना ‘एमएमएच’ उमटतं. कारण असं: कीबोर्ड चालू शब्द पक्का झालेला मानत नाही, तो अधोरेखित ‘कम्पोझिंग’ अवस्थेत स्वतःजवळ धरून ठेवतो. तुम्ही मधेच मजकूर बदललात की फील्डमधली ही कम्पोझिंगची नोंद पुसली जाते. पुढचं अक्षर आल्यावर कीबोर्ड एक अक्षर न देता अख्खा धरलेला शब्द पुन्हा देतो, आणि पहिलं अक्षर दुप्पट होतं. उपाय सोपा आहे. कीबोर्डकडे ‘टेक्स्ट कॅप कॅरेक्टर्स’ मागा, सूचना बंद ठेवा, टाइप होत असताना मजकुराला हात लावू नका आणि सेव्ह करताना एकदाच कॅपिटल करा. पॅनमधली १० आणि आयएफएससीतली ११ अक्षरंही तेव्हाच तपासा. आयएफएससीचं पाचवं स्थान कायम शून्याचं असतं. तिथे ‘ओ’ आला असेल तर नेमकं तेच सांगणारा संदेश दाखवा.

पासवर्डच्या फील्डमध्ये डोळ्याचं चिन्ह असेल तर तिथे थांबून बघा. अक्षरं झाकलेली असताना ऑटोकरेक्ट आपोआप बंद असतं. डोळा दाबला की ते साधं फील्ड होतं, दुरुस्ती परत जागी होते आणि कीबोर्ड पासवर्ड शिकूनही घेऊ शकतो. म्हणून झाकलेलं असो वा उघडं, सगळी बटणं स्वतः बंद करून ठेवा, आणि अँड्रॉइडवर उघड्या अवस्थेसाठी ‘व्हिजिबल पासवर्ड’च वापरा. अँड्रॉइड ८ पासून ‘नो पर्सनलाइज्ड लर्निंग’ हा फ्लॅगही आहे. तीही विनंतीच, पण पासवर्डासाठी ती करायलाच हवी.

चाचणीत दोन चुका फार होतात. एक, टेस्टरने स्वतःच्या फोनवर ऑटोकरेक्ट कधीच बंद केलेलं असतं, त्यामुळे बग दिसतच नाही. आधी सेटिंग्जमध्ये ते चालू करा. दोन, सिम्युलेटरवर, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली आयफोनवर, लॅपटॉपच्या कीबोर्डने टाइप केलं जातं. कमांड आणि के दाबून पडद्यावरचा कीबोर्ड आणा. अँड्रॉइडच्या स्वयंचलित चाचण्या चालवणाऱ्या एस्प्रेसोचं ‘रिप्लेस टेक्स्ट’ तर कीबोर्डला वळसा घालूनच जातं, त्याच्या हिरव्या खुणेवरून इथे काही कळत नाही. खऱ्या अँड्रॉइड फोनवर किमान दोन वेगळे कीबोर्ड घ्या. प्रत्येकावर बाणेर, औंध आणि एखादं आडनाव टाइप करा. एकदा स्पेस दाबून, एकदा थेट सेव्ह दाबून. आयफोनवर फील्ड सोडतानाही लटकलेली दुरुस्ती लागू होते, म्हणून दुसरी फेरी वगळू नका. शेवटी ईमेल वरच्या पट्टीतून निवडून लॉगिन करा. निवडलेल्या शब्दामागे कीबोर्ड एक स्पेस सोडतो, डोळ्याला ती दिसत नाही आणि लॉगिन अडतं. ती ॲपमध्ये कापा आणि सर्व्हरवरही कापा.