ईयूसी कुलपात अडकवून निर्धास्त होणाऱ्यांनो, या चुका टाळा

गेली सहा वर्षे मी न्यूयॉर्कमध्ये अस्टोरियातून क्वीन्सबरो पूल ओलांडून मॅनहॅटनमधील कचेरीत इलेक्ट्रिक युनिसायकलने, म्हणजे ईयूसीने, जातो-येतो. दोन बाजूंच्या पेडलांवर उभे राहून चालवायचे हे विजेवरचे एकच चाक, म्हणून आम्ही त्याला नुसते ‘चाक’ म्हणतो. या काळात नवे चाक घेतलेली जी मंडळी भेटली, त्यांचा पहिला प्रश्न वेगाचा असतो, दुसरा एका चार्जमध्ये किती मैल जाते याचा, आणि कुलपाचा प्रश्न चाक चोरीला गेल्यानंतर येतो. तीच ती उत्तरे देऊन आता कंटाळा आला आहे, म्हणून ती एकदाची लिहून ठेवतो.

सर्वांत घट्ट रुतलेला गैरसमज असा, की जे चालवायला शिकताना आपले गुडघे दोन आठवडे सोलून निघाले, ते चाक चोराला नेता येणार नाही. चोराला त्यावर उभे राहायचे नसतेच. ईयूसी बंद असते तेव्हा तोल सांभाळणारी सगळी यंत्रणा निजलेली असते आणि चाक मोकळे फिरते. ट्रॉली हँडल वर ओढले की विमानतळावरील बॅगेप्रमाणे ते फुटपाथवरून सहज ओढत नेता येते. कुलूप लटकत असलेली सायकल खांद्यावर टाकून निघालेल्या माणसाकडे निदान चार लोक वळून पाहतात, पण ईयूसी ओढत नेणाऱ्याकडे कोणी पाहत नाही, कारण मालकही ते तसेच नेतो. चोराला ते चालवता आले नाही तरी आतली बॅटरी विकता येते, आणि चाकाच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचाच असतो.

याच गैरसमजाचे धाकटे भावंड म्हणजे ॲपमधील लॉक. ते लावल्यावर काही चाके हलवताच पीं-पीं करतात आणि मोटर फिरायला विरोध करते, हे खरे आहे. पण पंधरा किलोची वस्तू उचलून गाडीच्या डिकीत टाकणाऱ्याला मोटरचा विरोध कसा जाणवणार? शिवाय अनेकांनी ब्लूटूथचा परवलीचा अंक कधी बदललेलाच नसतो. काही चाकांवर तो कारखान्यातून सगळी शून्येच येतो, तर काही चाके कोणताही अंक न विचारता कोणत्याही फोनशी जोडली जातात. अंक अवश्य बदलावा, ॲपचे लॉकही लावावे, मात्र दोन्ही करून झाल्यावर चाक अजून कशालाही बांधलेले नाही, हे विसरू नये.

आता हँडलविषयी. हा विषय मला जरा लांबतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारची संध्याकाळ होती. चिवड्यासाठी पातळ पोहे, डाळे आणि सुके खोबरे घ्यायला मी जॅक्सन हाइट्समध्ये ७४व्या रस्त्यावर गेलो होतो. दुकानात उभे राहायला जागा नव्हती, म्हणून चाक आत नेण्याचा रोजचा नियम त्या दिवशी मोडला. बाहेर फुटपाथवर सायकली बांधण्यासाठी बसवलेले लोखंडी कडे होते. जवळ कुलपांची चाचणी घेणाऱ्या सोल्ड सिक्युअर या ब्रिटिश संस्थेचा सुवर्ण दर्जा असलेले, दोन किलो वजनाचे यू-लॉक होते आणि ते घेताना मोजलेल्या डॉलरांचा अभिमानही होता. ट्रॉली हँडल वर ओढले, त्याच्या दोन नळ्यांमधून यू-लॉक घातले, कड्याला अडकवले, दोनदा ओढून पाहिले आणि आत गेलो. रांगेत आपल्याकडच्याच एका काकू होत्या. त्यांच्याशी भाजणीच्या पिठावर बोलणे झाले. सगळे मिळून बारा-पंधरा मिनिटे गेली असतील.

बाहेर आलो तेव्हा कुलूप जागेवर होते, बंद होते, आणि त्यावर एक ओरखडाही नव्हता. त्यात माझे ट्रॉली हँडल अडकलेले होते. खालच्या टोकाला दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांना प्रत्येकी दोन भोके, आणि फुटपाथवर चार स्क्रू. चोराने ते चारही जवळजवळ ठेवले होते, जणू मला परत लागतील. चार मिलिमीटरची अॅलन की, चार स्क्रू, एवढ्यात माझे चाक गेले. पोह्यांच्या पिशव्या एका हातात आणि कुलपासकट हँडल दुसऱ्या हातात घेऊन मी सात नंबरच्या गाडीने घरी आलो, आणि डब्यातील एका लहान मुलाने आईला विचारले, की या काकांची बॅग कुठे गेली.

या प्रसंगात दोष कुलपाचा नव्हता. सायकलला चौकट असते आणि चाकाला आरे असतात, त्यामुळे कुलूप कुठून ओवायचे हा प्रश्न पडत नाही. ईयूसीच्या रिमच्या आत मोटरच बसलेली असते. आरपार जाणारी मोकळी जागा तिथे नाही. बाहेरचे कवच बहुतेक प्लास्टिकचे असते. कुलूप ओवता येईल अशा ज्या जागा उरतात, त्या म्हणजे हँडल आणि पेडल, आणि दोन्ही दुरुस्तीसाठी सहज निघावीत अशीच बनवलेली असतात. पेडल तर एक पिन काढली की हातात येते. म्हणून पेडलला कुलूप लावणाऱ्यांविषयी मी अधिक लिहीत नाही.

ज्या चाकांना मोटरच्या आसाशी जोडलेली धातूची चौकट बाहेरून दिसते, त्यांना साखळी त्या चौकटीतून ओवावी. बाकीच्यांनी एक साधी परीक्षा करावी: आपल्याच घरी, आपल्याच अॅलन कीने, कुलूप न उघडता चाक सोडवून पाहावे. दोन मिनिटांत सुटले तर चोराला एकच मिनिट लागेल, कारण तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरून स्क्रू मोजत बसणार नाही. हँडलचे स्क्रू बदलून वेगळ्या डोक्याचे, ज्यांना नेहमीची अॅलन की बसत नाही असे, सुरक्षा स्क्रू लावता येतात आणि मी ते लावतो. त्याने चोरी थांबत नाही. खिशात एकच हत्यार घेऊन फिरणारा भुरटा मात्र पुढच्या कड्याकडे जातो.

इथे एक पोटचूक सांगितलीच पाहिजे. माझ्या एका मित्राला स्क्रू बदलण्याचाही धीर नव्हता. त्याने भारतातून आणलेले एम-सील मळून सगळ्या स्क्रूंची डोकी बुजवून टाकली आणि मोठ्या कौतुकाने मला दाखवली. महिनाभराने ट्यूब पंक्चर झाली. ईयूसीचे टायर काढायचे तर आधी कवच उघडावे लागते, आणि कवच उघडायला तेच स्क्रू लागतात. पुढचे दोन रविवार तो ड्रिल घेऊन बसला होता. चोराला अडवताना स्वतःलाही कोंडून घेऊ नये.

दुसरी चूक दुकानात, खरेदीच्या वेळीच होते, आणि ती चोरीशी जोडलेली आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. ती चूक म्हणजे वजन. इनमोशन कंपनीचे व्ही८एफ हे चाक सुमारे १५ किलोचे आहे; व्हेटरन कंपनीचे शेरमन ३५ किलोचे. नवशिक्याने दृश्यफिती पाहिलेल्या असतात, त्यामुळे त्याला ३,२०० वॉट-तासांची बॅटरी पहिल्याच दिवशी हवी असते, रोजचा प्रवास जेमतेम दहा मैलांचा का असेना. पंधरा किलोचे चाक माणूस कुरकुरत का होईना चौथ्या मजल्यावर नेतो, उपाहारगृहात टेबलाखाली सरकवतो, पाच मिनिटांच्या कामासाठीही बरोबर ठेवतो. पस्तीस किलोचे चाक पहिल्या आठवड्यात वर जाते, दुसऱ्या आठवड्यात जिन्याखाली राहते आणि तिसऱ्या आठवड्यात बाहेरच्या कठड्याला बांधले जाते. मला ठाऊक असलेल्या चोऱ्यांपैकी बहुतेक या तिसऱ्या आठवड्यानंतरच्या आहेत. मोठी बॅटरी घेऊ नये असे माझे म्हणणे नाही, पण घेण्यापूर्वी तांदळाच्या वीस पौंडांच्या चार पोती एकाच वेळी उचलून आपल्या जिन्याने वर जाऊन पाहावे.

चाक आत न्यावे म्हटले तरी इमारतवाले नको म्हणतात, ही तक्रार खरी आहे. लिथियम बॅटऱ्यांच्या आगींनंतर या शहरात अनेक कचेऱ्यांनी आणि सोसायट्यांनी दारेच बंद केली. मात्र १६ सप्टेंबर २०२३ पासून न्यूयॉर्कमध्ये अशी वाहने विकायची तर यूएल २२७२ हे विद्युतसुरक्षेचे प्रमाणपत्र लागते, आणि चाकावरील ते लेबल दाखवल्यावर आमच्या इमारतीच्या व्यवस्थापकाचा सूर बदलला. मी लेबलचा फोटो, चार्जिंग इमारतीत करणार नाही अशी लेखी हमी आणि चाकाला घालायची कापडी पिशवी एवढे घेऊन भेटलो होतो. भांडायला गेलेल्या माणसाला तेच दार बंद मिळाले होते. प्रमाणपत्र नसलेले स्वस्त चाक आडवाटेने मागवणाऱ्यांनी हा हिशेबही धरावा: वाचलेले दोनशे डॉलर चाक रोज बाहेर ठेवण्यात जातात.

केबल लॉक वापरू नये. ते पक्कडीने तुटते.

यू-लॉक चांगले असले तरी बॅटरीवर चालणारा ग्राइंडर साधे यू-लॉक एक-दोन मिनिटांत कापतो. हल्ली ग्राइंडरची चकतीच झिजवणारी कुलपे मिळतात. हिपलॉकचे डी१००० हे त्यांपैकी एक. ती महाग आणि जड आहेत, आणि कुलूप कितीही भारी असले तरी हँडलच्या चार स्क्रूंची गोष्ट बदलत नाही. माझी सवय अशी आहे, की कुलूप लावून चाक नजरेआड करायचे ते फार तर पाच मिनिटे, तेही दिवसाउजेडी. त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर चाक माझ्याबरोबर आत येते, नाहीतर मी त्या दिवशी सबवेने जातो. कुलूप जमिनीला टेकलेले ठेवू नये, कारण तिथे हातोडीला ऐरण आयती मिळते. किल्लीचे भोक खालच्या बाजूला ठेवावे.

इमारतीच्या सायकल खोलीत चाक मोकळे ठेवणे ही सभ्य लोकांची चूक आहे. त्या खोलीची किल्ली ऐंशी बिऱ्हाडांकडे असते, आणि पार्सल आणणाऱ्यासाठी दाराला वीट लावून ठेवणारा एकजण प्रत्येक इमारतीत असतोच.

एअरटॅग म्हणजे वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी ॲपलची छोटी चकती; तिच्याविषयी लोकांच्या अपेक्षा अवास्तव आहेत. एक तर बरेचजण तो बॅटरीच्या कप्प्यात लपवतात. तिथे धातूच्या आड ब्लूटूथचा संदेश दबतो, शिवाय तो कप्पा घरी उघडणे हा स्वतःच धोका आहे. बाजूच्या प्लास्टिकच्या कवचाआड किंवा पायाच्या पॅडच्या फोममध्ये जागा करावी, आणि तो आत खडखडणार नाही असा बसवावा. दुसरे म्हणजे एअरटॅग चोरापासून फार काळ लपून राहत नाही. मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही फोन अनोळखी टॅग बरोबर फिरत असल्याची सूचना देतात, आणि मालकापासून दूर राहिलेला टॅग आठ ते चोवीस तासांत स्वतःच आवाज करू लागतो. लोकांच्या पाठलागासाठी त्याचा गैरवापर होऊ नये म्हणून केलेली ही सोय योग्यच आहे, पण आपल्या हाती त्यामुळे मोजकेच तास असतात. त्या तासांत नकाशावरील ठिपका पोलिसांना दाखवावा. स्वतः त्या दारावर जाऊन उभे राहणाऱ्या एकाला मी ओळखतो. त्याला चाक मिळाले नाही आणि चष्मा मात्र गेला.

पोलिसांत जाताना माझ्याकडे काय नव्हते, तेही सांगतो. माझ्याकडे अनुक्रमांक नव्हता. तो एका स्टिकरवर होता आणि स्टिकर चाकाच्या खालच्या बाजूला, जिथे चिखल आणि पाणी त्याला दोन हिवाळ्यांत पुसून टाकते. समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, की रंग काळा, आकार गोल, याखेरीज ओळख काय? मला उत्तर देता आले नाही. आता नवे चाक खोक्यातून काढतानाच स्टिकरचा, खोक्यावरील क्रमांकाचा आणि ॲपमधील माहितीच्या पानाचा फोटो काढतो, पावतीबरोबर तो स्वतःला ईमेल करतो, आणि कवचाच्या आतल्या बाजूला कायमच्या शाईने एक खूण करून तिचाही फोटो ठेवतो. या कामाला दहा मिनिटे लागतात. पहिली फेरी मारण्याची घाई असलेल्यांना ती दहा मिनिटे कधीच सापडत नाहीत.

भाडेकरूंच्या विम्यात चाक येते असे गृहीत धरू नये. मोटरवर चालणारी वाहने अशा अनेक विम्यांतून वगळलेली असतात. ईयूसीचे नाव घेऊन विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.

रोजचा मार्ग घराच्या दारापासून दारापर्यंत समाजमाध्यमांवर टाकू नये. विकायला काढलेले चाक अनोळखी माणसाला चालवून पाहायला देताना त्याची पूर्ण रक्कम आधी हातात घ्यावी.

शेवटची गोष्ट हिवाळ्याची आहे. जानेवारीत रस्त्यावर टाकलेले मीठ कुलपाच्या भोकात जाते, किल्ली अडकते, आणि वैतागलेला माणूस ते दोन किलोचे ओझे घरीच ठेवून "आजच्या दिवस" म्हणून नुसताच निघतो. मी थंडीच्या महिन्यांत दर रविवारी कुलूप कोमट पाण्याने धुतो, रेडिएटरजवळ वाळवतो आणि भोकात तेलाचे दोन थेंब सोडतो. चोराने मागे ठेवलेले ते जुने हँडल अजून कुलपाच्याच खुंटीवर आहे. कुलूप तिथे टांगताना दर वेळी त्याच्यावर आपटते.