हाडं ठिसूळ झालीत? नुसत्या कॅल्शियमच्या मागे लागू नका, या चुका टाळा

रिपोर्टमध्ये ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आला की घरात आधी कॅल्शियमची बाटली येते, मग नाचणी, तीळ, दूध सगळं चालू होतं, खा की, चांगलंच आहे, पण हाड म्हणजे खडू नव्हे, आत जिवंत पेशी असतात आणि त्याच मरायला लागल्या तर ते कॅल्शियम बसवणार कोण?

हाड बांधणारे गवंडी म्हणजे ऑस्टिओब्लास्ट, साधारण ३ महिने जगतात. जुनं हाड खाणारे ऑस्टिओक्लास्ट, त्यांचं आयुष्य दोनेक आठवडे. आणि हाडात गाडलेले मुकादम म्हणजे ऑस्टिओसाइट, सगळ्या पेशींत ९० टक्क्यांच्या वर हेच, वर्षानुवर्षं टिकतात. बारीक चीर गेली की तिथले मुकादम मरतात आणि त्यामुळेच 'इथे खणा' असा निरोप खाणाऱ्यांना जातो, म्हणजे पेशी मेली की बिघडलंच असं नाही, दुरुस्तीची सुरुवातच तिथून होते. पाळी कायमची गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झालं की मात्र हिशोब उलटा होतो, खाणारे जास्त जगतात, गवंडी आणि मुकादम लवकर जातात.

सगळ्यात मोठी चूक स्टिरॉइडची. गुडघे दुखतात म्हणून कोणीतरी दिलेली गोळी किंवा पुडी महिनोन् महिने घ्यायची, आत काय आहे विचारायचंसुद्धा नाही! प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडं बांधणाऱ्यांना आणि मुकादमांना मारतात, खाणाऱ्यांचं आयुष्य वाढवतात, आणि फ्रॅक्चरचा धोका पहिल्या ३ ते ६ महिन्यांतच वाढतो. पण हे वाचून चालू गोळी एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं, डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. दम्याच्या पंपाची गोष्ट वेगळी, त्यात डोस खूप कमी, घाबरून तो सोडू नका.

दुसरं, डेक्साच्या, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या, आकड्यावर निश्चिंत राहणं. त्यातला टी-स्कोर हा आकडा उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, बरोबर, पण मशीन खनिज मोजतं, आतल्या किती पेशी जिवंत आहेत ते त्याला दिसत नाही, म्हणून स्टिरॉइडवाल्यांचं हाड बऱ्या आकड्यावरही मोडतं.

अॅलेन्ड्रोनेट ही हाडांची झीज रोखणारी गोळी चहाबरोबर घेणारे तर किती! उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत, नंतर अर्धा तास काही खायचं नाही, आडवं व्हायचं नाही, कॅल्शियमची गोळीही तेव्हा नाही. गंमत म्हणजे हे औषधही पेशींवरच घाव घालतं, फक्त खाणाऱ्यांच्या, त्यांना निकामी करतं, काही मरतातही.

आणि डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन 'आता बरं वाटतंय' म्हणून चुकवू नका. ते खाणाऱ्या पेशी तयार होऊ देत नाही, टिकूही देत नाही, असर उतरला की त्या झुंडीने परत येतात आणि काहींचे एकदम दोन-तीन मणके दबतात. पुढची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा, आणि बंद करायचंच असेल तर त्यानंतर कोणतं औषध घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या.